वाचनालयांतील गर्जना

वाचनालय म्हटलें कीं 'शांतता राखा' ही पाटी आलीच. परंतु अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या सार्वजनिक वाचनालयाची सायप्रस पार्क भागांत जी शाखा आहे, तेथें ता. ४ मे २०२१ रोजीं चार मुलींनीं पुस्तकांच्या कपाटांमध्यें गिटारी व ढोल मांडून जो कल्लोळ केला, त्याची चित्रफीत त्याच महिन्यांत जगभर लक्षावधि लोकांनीं पाहिली. मुलींच्या मेळ्याचें नांव 'द लिंडा लिंडाज'. ढोल वाजविणारी मिला दहा वर्षांची, खर्जाची गिटार घेतलेली एलॉइझ तेरा वर्षांची, आणि गिटार वाजविणाऱ्या लुसिआ व बेला अनुक्रमें चौदा व सोळा वर्षांच्या. लुसिआ व मिला सख्ख्या बहिणी, एलॉइझ त्यांच्या नात्यांतली बहीण आणि बेला जिवलग मैत्रीण. म्हणजे मेळा बव्हंशीं घरचाच.

गाण्यापूर्वीं मिलानें आपली हकीकत सांगितली. महामारीची टाळेबंदी लागण्याच्या थोडें आधीं तिच्या वर्गांतला एक मुलगा तिच्याजवळ आला आणि चिनी लोकांपासून दूर राहावें असें आपल्या वडिलांनीं बजावल्याचें त्यानें तिला सांगितलें. आपणच चिनी वंशाच्या आहोंत असें तिनें म्हणतांच तो मागें सरला. झालें एवढेंच. मारामारी नाहीं, शिवीगाळ नाहीं. या प्रसंगावर तिनें व एलॉइझनें मिळून गीत रचलें. त्याचें नांव 'रेसिस्ट, सेक्सिस्ट बॉय', म्हणजे वंशद्वेष्टा व स्त्रीद्वेष्टा मुलगा.

आमचे कान मृदंग-वीणेवर पोसलेले. प्रथम ऐकलें तेव्हां आम्हांस ती निव्वळ आरडाओरड वाटली, आणि आम्हीं तसें घरांत बोलूनहि दाखविलें. या संगीताला 'पंक रॉक' म्हणतात. त्यांत स्वर थोडे, लय जलद आणि कंठमाधुर्याची अपेक्षा मुळींच नाहीं. दुसऱ्यांदा ऐकतांना मात्र ध्यानांत आलें कीं, आम्ही शृंगार-करुणांच्या मापानें रौद्र मोजीत होतों. रौद्राचा स्थायिभाव क्रोध, हें भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत सांगून ठेवलें आहे. तो आम्हीं वर्गांत शिकविला, पण दहा वर्षांच्या मुलीच्या ठायीं ओळखला नाहीं.

येथें आम्हांस आमच्या शिक्षकपेशाची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जातीवरून, रंगावरून, बापाच्या धंद्यावरून कोणी टोचून बोललें म्हणून रडत आलेलीं मुलें आमच्या टेबलापाशीं कित्येकदां उभीं राहिलीं. "तिकडे लक्ष देऊं नकोस, जा, जाग्यावर बैस," एवढेंच आम्ही सांगत असूं, आणि तें शहाणपण समजत असूं. मूल जाग्यावर बसे खरें; पण अपमान कोठें बसे याची चौकशी आम्हीं केली नाहीं. त्या मुलींच्या वडील मंडळींनीं गीत सौम्य करावयास लावलें नाहीं, आणि वाचनालयानेंहि तें आपण होऊन प्रसिद्ध केलें.

अशी अकस्मात् कीर्ति कोवळ्या वयांत बाधते, ही शंका वाचकांप्रमाणें आम्हांसहि आली. परंतु शोध घेतां असें दिसलें कीं, कीर्ति अकस्मात् असली तरी मेळा तसा नव्हता. या मुली प्रथम २०१८ सालीं लॉस एंजेलिसमधील 'गर्लस्कूल' नांवाच्या उत्सवांत मुलांच्या एका वाद्यवृंदांत एकत्र वाजल्या. एलॉइझच्या मातापित्यांनीं चायनाटाउनमधील प्राथमिक शाळेंतील संगीतशिक्षण टिकावें म्हणून निधीसाठीं दुपारच्या मैफली भरविल्या होत्या; तेथेंहि यांना व्यासपीठ लाभलें. २०१९ सालीं 'बिकिनी किल' या नामांकित स्त्रीमेळ्याच्या कार्यक्रमाचा प्रारंभ यांनीं केला. म्हणजे लोकांचे डोळे वळण्यापूर्वीं तीन वर्षें हात वळत होते. मेळ्याचें नांवहि मोठें गोड उचललें आहे: २००५ सालच्या 'लिंडा लिंडा लिंडा' या जपानी चित्रपटावरून, ज्यांत शाळकरी मुली शाळेच्या उत्सवासाठीं असाच एक मेळा जमवितात.

चित्रफीत गाजल्यावर 'एपिटाफ' या संस्थेनें त्यांच्याशीं करार केला. बड्या कंपन्यांच्या छत्राबाहेर राहून ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या अशा संस्थांना तिकडे 'इंडी', म्हणजे स्वतंत्र, म्हणतात; आणि ही तर बॅड रिलिजन या पंक मेळ्याच्या गिटारवादकानेंच स्थापिलेली. पहिला गीतसंग्रह 'ग्रोइंग अप' एप्रिल २०२२ मध्यें निघाला. त्याची निर्मिति लुसिआ-मिलाच्या वडिलांनीं केली. ते स्वतः व्यवसायानें ध्वनिमुद्रणतज्ज्ञ. पण घरांत जाणता असला कीं तो मुलांच्या कामांत आपलीच रुचि घुसडतो, हा अनुभव आपल्याकडे कमी नाहीं. येथें गीतें मुलींचींच राहिलीं. दुसरा संग्रह 'नो ऑब्लिगेशन' २०२४ सालीं आला. त्याच वर्षीं ग्रीन डे या विख्यात मेळ्याच्या अमेरिकेंतील दौऱ्यांत प्रचंड क्रीडांगणांवर प्रारंभीं वाजविण्याचा मान त्यांस मिळाला.

वाचनालयांतलें तें गीत पहिल्या संग्रहांत आहेच. त्याच संग्रहांत 'निनो' नांवाचें दुसरें एक गीत आहे. शीर्षक पाहून आम्हांस वाटलें, हाहि कोणी अपराधी असावा. घरांतल्या मुलांनीं हंसत खुलासा केला कीं निनो हें बेलाचें मांजर आहे.