सौभाग्यलेणें आणि शस्त्रक्रियागृह

नंदुरबार हा जिल्हा धुळें जिल्ह्यांतून १९९८ सालीं वेगळा निघाला आणि २०२० सालीं तेथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालयहि सुरू झालें. सातपुड्यांतील पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीला अजूनहि कधीं कधीं बांबूच्या झोळींतून खालीं आणावें लागतें. त्या भागांतील एका रुग्णालयांत आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील धाकटी सून परिचारिका आहे. शस्त्रक्रियेस उभें राहण्यापूर्वीं ती मंगळसूत्र व बांगड्या उतरून ठेवते. चैत्रांतील हळदीकुंकवाला ही गोष्ट सहज निघाली, आणि आजेसासूबाई एकदम गप्प झाल्या. ज्या घरांत बांगडी 'फुटली' असेंहि कोणी म्हणत नाहीं, 'वाढवली' असें म्हणतात, त्या घरांत हें ऐकणें सोपें नव्हे.

परंतु नियमामागील कारणहि तितकेंच जुनें आहे. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत डॉ. सेमेलवाइस यांनीं १८४७ सालीं सर्व वैद्यांस क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्यास लावलें. १८४६ सालीं तेथें शेंकडा अकरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या होत्या. १८४८ सालीं तें प्रमाण दीडच्याहि खालीं आलें. अंगठीखालील कातडीवर जंतु अधिक सांचतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या सूचनांत शस्त्रक्रियेपूर्वीं अंगठ्या, घड्याळ व बांगड्या काढाव्या असें स्पष्ट आहे. हा नियम वैद्यबुवांच्या पोवळ्याच्या अंगठीसहि लागू आहे. मग त्यांचा मंगळ कितीहि कडक असो! जानवें मात्र सदऱ्याखालीं सुखरूप राहतें. अशा नियमांचा भार बहुधा बायकांवरच कां पडतो, तें यावरून ध्यानांत यावें.

मात्र कारण असेल तेथेंच नियम शोभतो. १८०६ सालीं वेल्लोर येथें शिपायांना कवाईतींत गंध लावण्यास व कर्णभूषणें घालण्यास बंदी झाली, वर नवी पगडीहि लादली गेली. त्याचें पर्यवसान १० जुलैच्या रक्तपातांत झालें. उलट १५ जानेवारी २०१३ रोजीं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें एकाच निकालांत दोन ख्रिस्ती स्त्रियांस निराळा न्याय दिला. विमान कंपनींत काम करणाऱ्या नादिया इवेदा यांचा गळ्यांतील क्रूस कोणास अपाय करीत नव्हता. त्यांची बाजू मान्य झाली. शर्ली चॅप्लिन या परिचारिका होत्या. रोग्यानें सांखळी ओढण्याचें किंवा ती उघड्या जखमेस लागण्याचें भय होतें, म्हणून त्यांची मागणी फेटाळली गेली. हा विवेक आम्हांस पटतो. कचेरींत टिपणें लिहिणाऱ्या बाईच्या मंगळसूत्रानें कोणाचें काय बिघडणार? तिला तें काढावयास सांगणें म्हणजे निव्वळ अधिकार गाजविणें होय.

सूनबाईंनीं आजेसासूबाईंशीं वाद घातला नाहीं. शस्त्रक्रियेपूर्वीं रोगी स्त्रीचेहि दागिने उतरावे लागतात, एवढेंच त्यांनीं सांगितलें. पावरा बायकांच्या अंगावर चांदी पुष्कळ असते. ती एकेक उतरून, फडक्यांत बांधून तिच्या आईच्या ओटींत द्यावयाची, हें कामहि त्यांच्याकडेच असतें. "ती घाबरते, आजी. मग मी माझा मोकळा गळा तिला दाखवतें."

आजींनीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्यांनीं जुन्या खणाचा एक तुकडा काढला आणि मंगळसूत्र ठेवण्यापुरती नाडीची लहानशी पिशवी शिवून दिली.