घरी सोडण्याआधी

"बरं वाटतंय ना, मावशी?" असं सिस्टरनं विचारलं की शेवगावकडची मावशी "हो" म्हणणारच. वाढता खर्च, खोळंबलेली जनावरं, खाट अडवल्याचा संकोच, सगळं त्या होकारात असतं. म्हणून सुट्टी देताना तेवढं विचारून भागत नाही.

अमेरिकेतल्या मार्क्वेट विद्यापीठाच्या मारियान वाइस यांनी यासाठी प्रश्नावली तयार केली. तिची पडताळणी २००६ साली प्रसिद्ध झाली. रुग्णानं स्वतः शून्य ते दहा गुण द्यायचे. रोख चार गोष्टींवर: अंगात ताकद किती, माहिती किती, घरी निभावेल का आणि मदतीला कोण.

ताकद चालवून पाहिली की कळते. माहितीसाठी मात्र "समजलं का?" विचारू नये. गोळ्या खाटेवर मांडून म्हणावं, "उद्या सकाळची कोणती, दाखवा बरं." चुकीची पट्टी उचलली तर आपल्याच सांगण्यात कसर राहिली असं धरून पुन्हा सांगावं. इन्सुलिन असेल तर तिच्याच हातानं टोचायला लावावं, आणि घरी फ्रिज आहे का तेही विचारावं. नसेल तर कुपी कोरड्या डबीत घालून, ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात, सावलीला ठेवायला शिकवावं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मदतीचा प्रश्न. शेवगाव-पाथर्डी पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. "घरी सून आहे" म्हणतात, पण सून कारखान्याच्या तळावर असते. पाणी कोण भरणार, नगरला पुन्हा दाखवायला कोण नेणार, हे नावानिशी विचारावं. रुग्णच तोडीला परतणार असेल तर टाके काढायला शेवगावच्या ग्रामीण रुग्णालयाची तारीख देऊन काय उपयोग? तळाजवळच्या सरकारी दवाखान्याच्या नावे चिठ्ठी द्यावी.

बाळंतिणीची सोय आखलेली आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातून घरी मोफत पोचवतात, आणि आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. ऑपरेशन झालेल्या म्हातारीसाठी असे ठरलेले फेरे नाहीत. तिला विचारण्यात जास्त वेळ घालवायला हवा.

हे सगळं आदल्या दिवशीच विचारावं. कमी गुण पडले म्हणून सुट्टी रद्दच होते असं नाही. कुठे कमी पडले ते पाहून शेजारच्या गावातल्या लेकीला फोन लावता येतो, आणि तिच्यासमोर गोळ्या पुन्हा मांडता येतात.