परक्यांना घर देणारे कोची

दक्षिणेची सफर करावी, असे आमच्या घरात गेली तीन वर्षे नुसतेच घाटत होते. अखेर गेल्या हिवाळ्यात तो योग आला. आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि अकरा वर्षांची नात असे पाच जण बडोद्याहून निघालो आणि केरळच्या कोची शहरी येऊन पोहोचलो.

पूर्वी एकदा चाळीस माणसांच्या बसमधून एक शहर 'पाहण्याचा' अनुभव आमच्या गाठीशी होता. उतरा, पाहा, चढा, या तीन आज्ञांपलीकडे त्या दिवशीचे काहीही आम्हांला आठवत नाही. म्हणून या खेपेस थोडे पैसे अधिक गेले तरी चालतील, पण पूर्ण दिवसासाठी आपल्यापुरती मोटार व आपल्यापुरता मार्गदर्शक घ्यावयाचा, असे ठरविले. दुकानांत न्यावयाचे नाही, हेही आधीच बोलून घेतले. दिवस गुरुवारचा निवडला. कारण तेथील राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि यहुद्यांचे प्रार्थनामंदिर शनिवारी. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आमचे मार्गदर्शक साठीच्या पुढचे गृहस्थ होते. मातृभाषा मल्याळम, पण हिंदी स्वच्छ बोलत. मोटारीत बसताच त्यांनी विचारले, "आपण बडोद्याचे, म्हणजे गुजराती ना?"

"नाही, आम्ही मराठी. गायकवाडांच्या दौलतीत चाकरीसाठी आमचे पूर्वज तेथे आले. सहा-सात पिढ्या झाल्या."

"सहा-सात पिढ्या! आणि घरात अजून मराठीच बोलता?"

आम्ही मोठ्या अभिमानाने "अर्थात!" म्हणालो. नेमक्या त्याच क्षणी मागच्या बाकावरून नातीने आपल्या वडिलांना काही विचारले, ते इंग्रजीत; आणि वडिलांनी उत्तर दिले, ते गुजरातीत. मार्गदर्शक सौजन्याने खिडकीबाहेर पाहू लागले. आम्हीही दुसऱ्या खिडकीबाहेर पाहू लागलो.

सकाळी सातच्या सुमारास आम्ही फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर होतो. चित्रांतून पाहिलेली ती प्रसिद्ध चिनी जाळी पाण्यावर ओणवी झाली होती. लांब लाकडी वाशांना ताणून बांधलेले प्रचंड जाळे, आणि दुसऱ्या टोकाला तोल साधण्यासाठी दोरांना टांगलेले मोठमोठे दगड. चार-सहा माणसे मिळून जाळे पाण्यात सोडतात आणि थोड्याच वेळाने दोर ओढून वर घेतात. ती चीनच्या व्यापाऱ्यांनी आणली अशी परंपरागत समजूत आहे. काही अभ्यासक मात्र ती पोर्तुगिजांबरोबर मकावहून आली असे मानतात. कोळ्यांनी नातीलाही एक दोर ओढू दिला. जाळे वर आले तेव्हा त्यात मूठभर मासळी आणि पुष्कळसे शेवाळ होते. कोळ्यांच्या हातावर आम्ही चार पैसे ठेवले, तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, "आता मासळीपेक्षा पाहुण्यांवरच यांचे अधिक भागते."

तेथेच उभे राहून त्यांनी शहराची जन्मकथा सांगितली. प्राचीन काळी या किनाऱ्यावरील मोठे बंदर म्हणजे उत्तरेकडील मुझिरिस, आजच्या कोडुंगल्लूरच्या परिसरातले. 1341 साली पेरियार नदीला महापूर आला. जुने बंदर गाळाने भरून गेले आणि येथे कोचीला समुद्राचे मुख मोकळे झाले. एका पुराने एक गाव बुडविले आणि दुसरे घडविले. मिरीच्या ओढीने मग अरब, चिनी, यहुदी, पोर्तुगीज, डच, इंग्रज असे सारे या मुखातून आत आले.

सेंट फ्रान्सिस चर्च तेथून जवळच आहे. पोर्तुगिजांनी 1503 मध्ये ते आधी लाकडी बांधले, पुढे 1516 पर्यंत दगडी केले. 1524 साली वास्को द गामा याच शहरात वारला आणि येथेच पुरला गेला. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. कठड्याने वेढलेला थडग्याचा दगड तेवढा मागे राहिला आहे. 1663 मध्ये डच आले, 1795 मध्ये इंग्रज आले, आणि प्रत्येकाने हेच चर्च आपल्या पंथाचे केले. छताखाली कापडी पंखे अजून टांगलेले आहेत. त्यांचे दोर बाहेर बसलेली माणसे ओढीत असत. "आत बसणाऱ्यांची नावे भिंतीवर आहेत," मार्गदर्शक म्हणाले, "दोर ओढणाऱ्यांची नाहीत."

न्याहारी आटोपून आम्ही मट्टनचेरीस गेलो. तेथील राजवाड्याला लोक 'डच पॅलेस' म्हणतात, परंतु तो बांधला पोर्तुगिजांनी, 1555 च्या सुमारास, आणि कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी त्याची पुढे दुरुस्ती केली आणि नाव त्यांचे झाले. आतील भिंतींवर रामायणातील प्रसंग चितारलेले आहेत. सौ. त्या चित्रांपाशी इतकी रमली की, तिला तेथून हलविणे कठीण झाले. एवढा निवांतपणा त्या चाळीस माणसांच्या बसमध्ये कोठून मिळता?

राजवाड्याला लागूनच यहुद्यांची वस्ती. राजाने आपल्या वाड्याशेजारी, देवळाच्या भिंतीला भिंत लावून, परधर्मीयांना जागा दिली. 1568 मध्ये उभारलेल्या त्या प्रार्थनामंदिराचे नाव 'परदेशी'. हा शब्द मल्याळममध्येही आपल्याच अर्थाने वापरतात. चारशे वर्षे राहूनही नाव परदेशीच! आम्ही आणि चिरंजीव एकमेकांकडे पाहून हसलो. पोर्तुगिजांनी 1662 मध्ये या वास्तूची नासधूस केली. डचांचा अंमल आल्यावर ती पुन्हा उभी राहिली. अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या, हाताने रंगविलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या जमिनीवर आहेत. 1968 मध्ये येथे चारशेव्या वर्षाचा मोठा सोहळा झाला आणि पंतप्रधान इंदिरा गांधी त्याला उपस्थित होत्या.

पादत्राणे काढून आम्ही त्या थंडगार फरश्यांवर उभे राहिलो. नातीने विचारले, "येथे अजून प्रार्थना होते?"

मार्गदर्शक थोडे थांबून म्हणाले, "त्यांच्या रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. येथे आता तेवढे उरलेले नाहीत."

इस्राएल राष्ट्र 1948 मध्ये स्थापन झाल्यावर कोचीचे बहुतेक यहुदी तिकडे गेले. त्यांना कोणी हाकलले नव्हते. ते आपल्या श्रद्धेने गेले. जवळच त्यांच्यातील मलबारी शाखेचे एक जुने प्रार्थनामंदिर होते. त्याचे लाकडी अंतरंग आज जेरुसलेमच्या संग्रहालयात आहे आणि येथील ओसाड इमारतीचा दर्शनी भाग 2019 च्या पावसाळ्यात कोसळला. मात्र एक गोष्ट त्यांनी बरोबर नेली. त्यांच्या स्त्रिया मल्याळम गाणी म्हणत आणि ती वह्यांत उतरवून ठेवीत. त्या वह्या समुद्रापार गेल्या आणि गाणी तेथेही गाइली गेली.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाची येथे आठवण होणे साहजिक होते. मराठी ही त्यांची मातृभाषा. एकोणिसाव्या शतकात धर्मशिक्षण देण्यासाठी कोचीचे यहुदी शिक्षक मुंबईला त्यांच्याकडे येत असत. त्यांच्यातीलही पुष्कळजण पुढे इस्राएलला गेले आणि तेथे त्यांनी 'मायबोली' या नावाने मराठी नियतकालिक चालविले. हे आम्ही मार्गदर्शकांना सांगितले, तेव्हा त्यांनी खिशातून छोटी वही काढून ते टिपून घेतले. पैसे देऊन घेतलेला मार्गदर्शक आपल्याकडूनही काही शिकतो, याचे आम्हांला फार समाधान वाटले.

दुपार होत आली होती. ठरलेल्या यादीतील स्थळे संपली, तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, "आणखी अर्धा तास असेल, तर तुम्हांला तुमच्यासारखीच माणसे दाखवितो." मिरी-सुंठीच्या वखारी मागे टाकून, गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती ओलांडून मोटार चेरलाई भागात आली. येथे तिरुमला देवस्थान आहे. सोळाव्या शतकात गोव्यातील छळामुळे बाहेर पडलेले अनेक गौड सारस्वत कोचीच्या आश्रयाला आले. त्यांनी आपला देव येथे स्थापिला आणि कोकणी भाषा घरात राखली.

या लोकांचा एक पुरावा तर दूर ॲमस्टरडॅमला छापला गेला आहे. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड 1678 मध्ये निघाला. त्या कामी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याप्रमाणेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनीही साहाय्य केले. त्यांचे कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा देऊळ दुपारसाठी बंद झाले होते. दर्शन हुकले म्हणून सौ. हिरमुसली. उन्हात गल्लीत उभे होतो, तोच एका ओटीवर पापड वाळत घालणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी आमच्या नातीकडे पाहून विचारले, "जेवण जाल्लें वे?"

नात चमकली. तिने आजीकडे पाहिले नाही, आईकडे पाहिले नाही. "नाही आजी, अजून नाही झालं," असे ती स्वच्छ मराठीत म्हणाली.

बाईंना ते सारे समजले. मग त्या कोकणीत आणि आमची सौ. मराठीत अशी अर्धी घटका बोलणी झाली. दोन भगिनीभाषा, शब्द कोठे अडले तर हातवारे होतेच. बाईंच्या घरी शाळा मल्याळमची, नोकरी इंग्रजीची, पण चुलीपाशी कोकणी. "आणि मुले ऐकतात?" सौ.ने विचारले. बाई हसून जे म्हणाल्या त्याचा आशय असा, की कोकणीत मागितल्याशिवाय आपण कोणाला वाढीतच नाही.

परतीच्या वाटेवर मोटारीत कोणी फारसे बोलले नाही. चिरंजीवांनी मात्र नातीला काही विचारले, ते मराठीत.

संध्याकाळी जाळ्यांमागे सूर्य बुडताना मार्गदर्शकांचा निरोप घेतला. ठरल्यापेक्षा थोडे अधिक पैसे पुढे केले, ते त्यांनी आढेवेढे घेऊन स्वीकारले. एका दिवसात कोची सारे पाहून झाले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जे पाहिले ते आपल्या गतीने, प्रश्न विचारीत पाहिले. घरात म्हातारी माणसे आणि मुले असतील, तर अशी सफर जरूर करावी.

बडोद्यास परतल्यावर नातीने एक कोरी वही काढली. तिच्या पणजीच्या जात्यावरच्या ओव्या सौ.ला थोड्या येतात. त्या ती रोज रात्री जेवणानंतर लिहून घेते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात, त्या आम्ही सध्या काढीत नाही. तीन ओव्या पुऱ्या झाल्या आहेत. चौथीचा शेवट सौ.ला आठवत नाही, म्हणून या रविवारी इंदूरच्या मावशींना फोन करून विचारावयाचे ठरले आहे.