सोंगट्यांनाही हवा मायेचा हात

दिवाळीच्या साफसफाईत आपण तांब्या-पितळेची भांडी लखलखीत करतो, पडदे धुतो. पण माळ्यावरच्या पेटीतला सारीपाट, कवड्या, कॅरमच्या सोंगट्या? त्या एक तर तशाच राहतात, नाही तर भंगारात जातात. खरं तर जुना खेळ घरच्या घरी छान नीट करता येतो. गोव्याच्या कॅसिनोत पैशांऐवजी ज्या गोल चकत्या वापरतात ना, तसल्या वापरलेल्या चकत्यासुद्धा परदेशातले हौशी लोक जुन्या टूथब्रशने घासून, तेलाचा हात फिरवून जपून ठेवतात. मग आपल्या सोंगट्यांनी काय घोडं मारलंय?

पहिला नियम एकच. वस्तू कशाची आहे ते आधी पाहा. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

पितळी सोंगट्या असतील तर चिंच-मीठ चालतं. पण कवड्यांना चिंच, लिंबू, व्हिनेगर अजिबात लावू नका. कवडी म्हणजे शिंपल्यासारखाच चुना. आंबटाने तो विरघळतो आणि कवडीची चमक कायमची जाते. साध्या पाण्यात थोडी साबणपूड, मऊ ब्रश आणि सावलीत वाळवण, बस्स!

कॅरमच्या लाकडी सोंगट्या पाण्यात बुडवल्या की फुगतात. बोरिक पावडर खाचांत बसून त्या मळकट दिसतात. ती कोरड्या ब्रशने झाडा, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. तेल लावू नका, नाही तर बोर्ड डागाळेल आणि सोंगटी सरकायची नाही. पॉलिश पेपरने घासायचा मोहही टाळा. स्पर्धेतल्या सोंगटीचं वजन जेमतेम 5 ते 5.5 ग्रॅम असतं. घासून हलकी झाली की तिची चाल बिघडते. आणि हो, बोरिक पावडर लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, काम झालं की हात धुवा.

लाखेच्या रंगीत सोंगट्या सर्वांत नाजूक. गरम पाण्याने लाख मऊ पडते, स्पिरिटने विरघळते. आपल्या यवतमाळच्या उन्हाळ्यात तर त्या उन्हात ठेवूच नका! मऊ फडक्याने पुसा, वाटलंच तर बोटभर खोबरेल तेल फडक्याला लावून फिरवा.

दारव्ह्याला माझी आत्या राहते. काचबिंदूने तिची नजर गेली, पण सारीपाट सुटला नाही. मागच्या दिवाळीत तिच्या सोंगट्या मी साफ करायला घेतल्या. ओळखीचे सुतारदादा म्हणाले, "द्या इकडं, घासून नव्यासारख्या करून देतो." आत्या खाटेवरून ओरडली, "नको रे बाप्पा! थ्या खाचा घासल्या त मले माही सोंगटी कशी समजन?"

मी बोट फिरवून पाहिलं. लाल सोंगट्यांच्या बुडाला एक खाच, हिरव्यांना दोन, पिवळ्यांना तीन, काळ्या साफ गुळगुळीत. मामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, चाकूने कोरून दिलेल्या. मामा आता नाहीत. मी त्या खाचांतला मळ तेवढा काडीला कापूस गुंडाळून काढला. कड जशीच्या तशी ठेवली. त्या संध्याकाळी आत्याने नातवाची सोंगटी मारली आणि पोरगं रडकुंडीला आलं!

म्हणून सांगते, साफ करायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कुठला डाग मळाचा आणि कुठला आठवणीचा, हे त्यांनाच ठाऊक असतं. मग 16 सोंगट्या मोजा, कवड्या मोजा. एखादी हरवली असेल तर तिच्या जागी चिंचोका किंवा शर्टाचं मोठं बटण ठेवा. पण खेळ पेटीत बंद करू नका. जुनी पितळी सोंगटी किलोच्या भावाने द्यायच्या आधी एक डाव मांडून बघा!