संगणकातला पोस्टमास्तर

आपल्या महाराष्ट्रात नांदगावे किती! नाशिक जिल्ह्यात एक नांदगाव, अमरावतीजवळ नांदगाव पेठ, आणि त्याच जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर. पाकिटावर नुसते 'नांदगाव' लिहिले तर पत्र भलतीकडेच जायचे. असे घोटाळे टाळण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची योजना आखली. १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. ४४४ हे आकडे दिसले की टपाल वऱ्हाडाकडे वळते.

ई-मेलच्या पत्त्यात 'ॲट' या चिन्हाच्या आधी माणसाचे नाव असते आणि नंतर संस्थेचे. त्या संस्थेचे टपाल कोणता संगणक स्वीकारतो, याची नोंद डीएनएस या इंटरनेटच्या सूचीत असते. त्या संगणकात पोस्टमास्तरचे काम करते एक आज्ञावली. 'सेंडमेल' ही अशी जुनी आज्ञावली १९८३ मध्ये बर्कलेच्या युनिक्सबरोबर आली. 'पोस्टफिक्स' १९९८ मध्ये आली. आज लिनक्सवर ती पुष्कळ ठिकाणी आढळते.

समजा, तुमच्या शाळेने असा संगणक बसवला. नवा पोस्टमास्तर हुशार, पण अगदी सांगकाम्या! त्याला तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात. पहिली, कोणत्या नावाचे टपाल आपले? दुसरी, बाहेरचे टपाल थेट पाठवायचे की दुसऱ्या मोठ्या संगणकाच्या हाती द्यायचे? तिसरी, कोणाचे टपाल पुढे पाठवायचे?

पहिली चुकली तर आपलेच पत्र 'आपले नाही' म्हणून परत जाते. दुसरी चुकली तर दोन संगणक एकच पत्र एकमेकांकडे टोलवत बसतात. म्हणून पत्रावर पडलेले शिक्के मोजले जातात. मर्यादा ओलांडली की पत्र परत.

खरा धोका तिसरीत आहे. १९८६ मध्ये भारतात 'एर्नेट' हे जाळे उभे राहू लागले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आयआयटी अशा मोजक्याच संस्था त्यात होत्या. सारे एकमेकांना ओळखत. जगभरही तेव्हा कोणीही दिलेले पत्र पुढे पाठवणे हा शेजारधर्म मानला जाई. पुढे जाहिरातबाजांनी आणि ठगांनी त्याचा फायदा घेतला. लाखो पत्रे परक्या संगणकाच्या माथी मारायची आणि आपण नामानिराळे राहायचे! अखेर १९९८ मध्ये सेंडमेलने हे दार मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. आजही पोस्टफिक्सच्या विश्वासू संगणकांच्या यादीत कोणी चुकून ०.०.०.०/० लिहिले, तर त्याचा अर्थ 'सारे जग माझे विश्वासू' असा होतो. मग शाळेचा संगणक ठगांचा हमाल बनतो, इतर संगणक त्याला काळ्या यादीत टाकतात आणि मुख्याध्यापकांचे खरे पत्रही कोणी घेत नाही.

करून पाहा : शिक्षकांच्या मदतीने एखाद्या ई-मेलचे मूळ रूप उघडा. 'रिसीव्ह्ड' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचा. वाटेतल्या प्रत्येक संगणकाने उमटवलेला वेळेचा शिक्का तुम्हाला दिसेल. तुमचे पत्र किती पोस्टमास्तरांच्या हातून आले, ते मोजा. मात्र खालच्या ओळी ठगाला खोट्याही लिहिता येतात. भरवसा ठेवावा तो आपल्या पोस्टमास्तराने मारलेल्या सर्वांत वरच्या शिक्क्यावर!