ऐकण्यातून घडलेली संहिता : जो कार्सन यांचे कथन आणि नाटक

मौखिक कथन लिखित साहित्यात येते तेव्हा मूळ कथन करणाऱ्याचे काय होते, हा लोकसाहित्याच्या अभ्यासातील जुना प्रश्न आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाचियन पर्वतप्रदेशाच्या संदर्भात तो विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतकारांचा कथा-गीतांचा वारसा या प्रदेशात दीर्घकाळ टिकून राहिला. रिचर्ड चेस यांचा ‘द जॅक टेल्स’ हा संग्रह १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील कथांना मोठा वाचकवर्ग लाभला. परंतु अनेक कथकांची कथने एकत्र करून, त्यांवर स्वतःचे संस्कार करून चेस यांनी त्या सिद्ध केल्या होत्या. दुसऱ्या बाजूने व्यंगचित्रे आणि चित्रपट यांनी ‘हिलबिली’ म्हणजे अडाणी, आळशी, हास्यास्पद माणूस ही प्रतिमा रूढ केली. पर्वतवासीयांविषयी लिहिले गेले पुष्कळ. त्यांच्या बोलण्याला मात्र स्वतःचे स्थान क्वचितच मिळाले. कथाकथनकार व नाटककार जो कार्सन (१९४६–२०११) यांच्या कार्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

कार्सन यांचा जन्म टेनेसी राज्यातील जॉन्सन सिटी येथे झाला. १९७३ पासून राष्ट्रीय कथाकथन महोत्सव जेथे भरत आला, ते जोन्सबरो हे गाव तेथून जवळच आहे. मात्र कार्सन यांनी परंपरागत कथांपेक्षा आपल्या सभोवतालच्या माणसांचे रोजचे बोलणे हीच आपली सामग्री मानली. ‘स्टोरीज आय एन्ट टोल्ड नोबडी येट’ (१९८९) या संग्रहातील रचना अशा ऐकलेल्या बोलण्यातून निर्माण झाल्या. छापील पानावर त्या मुक्तछंदाप्रमाणे ओळींत मांडलेल्या दिसतात. त्यांना शीर्षके नाहीत, केवळ क्रमांक आहेत. प्रत्येक रचना हे एक नाट्यात्म एकभाषित आहे. बोलणाऱ्याचे वय, नाते, अहंकार, दुःख हे सारे त्याच्या वाक्यांच्या लयीतूनच कळते. लेखिका बाहेरून स्पष्टीकरण देत नाही. बोलीतील व्याकरण ‘शुद्ध’ करून घेण्याचा मोहही तिने टाळला आहे. ग्रंथाच्या शीर्षकातच प्रमाण इंग्रजीला अमान्य असलेला दुहेरी नकार आहे, ही बाब या दृष्टीने सूचक आहे.

या संग्रहातील एका रचनेत परगावी गेलेल्या अपत्याला एक वृद्धा घरी बोलावते. आपण हयात आहोत आणि आपल्याला आठवते आहे तोवर घराण्याच्या कथा ऐकून घे, असा तिचा आग्रह आहे. दुसऱ्या एका रचनेत पर्वतवासीयांवरील प्रचलित आरोपांची यादीच बोलणारी व्यक्ती वाचून दाखवते आणि नंतर स्वतःच्या उदाहरणाने ती खोडून काढते. स्मृती नष्ट होण्याचे भय आणि आपल्याविषयी इतरांनी बोलत राहण्याचा संताप, ही कार्सन यांच्या लेखनाची दोन केंद्रे म्हणता येतील.

पहिल्या केंद्राचा नाट्यरूप आविष्कार ‘डेट्रिप्स’ या नाटकात आढळतो. अल्झायमर झालेली आई आणि वार्धक्याने भरकटलेली आजी यांची जबाबदारी पॅट या तरुणीवर येऊन पडली आहे. पॅटबरोबर तिचेच दुसरे रूप असलेली निवेदिका रंगमंचावर वावरते. एक रूप सोसते, दुसरे सांगते. कथाकथनातील निवेदकाला कार्सन यांनी येथे नाट्यरचनेचा घटक बनविले आहे. ज्या घरात आठवणीच पुसल्या जात आहेत तेथे कोणीतरी सांगणारे उरले पाहिजे, ही नाटकाची अंतर्गत गरजच होती. त्यामुळे हा निव्वळ तंत्राचा प्रयोग ठरत नाही. या नाटकास १९८९ चे केसेलरिंग पारितोषिक लाभले.

मात्र ऐकलेले शब्द अखेर कोणाचे, हा प्रश्न यानंतरही शिल्लक राहतो. त्याचे उत्तर कार्सन यांच्या पुढील कार्यातून मिळते. पर्वतप्रदेशापासून दूर, जॉर्जिया राज्यातील कॉल्क्विट या छोट्या गावी दिग्दर्शक रिचर्ड ओवेन गीर यांच्यासमवेत त्यांनी ‘स्वॅम्प ग्रेव्ही’ हे नाटक सिद्ध केले. १९९२ पासून त्याचे प्रयोग होऊ लागले. गावकऱ्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती हा संहितेचा पाया होता आणि भूमिका करणारेही गावकरीच होते. पुढे कापसाच्या जुन्या गोदामाचे नाट्यगृह झाले. गावाकडून घेतलेले शब्द येथे गावाच्याच मुखी परत आले. असे प्रयोग कार्सन यांनी नंतर इतर अनेक समाजांसाठी केले आणि त्या अनुभवाचे चिंतन ‘स्पायडर स्पेक्युलेशन्स’ (२००८) या ग्रंथात मांडले.

चेस यांच्या संग्रहात अनेक कथक एका संपादकाच्या भाषेत विलीन झाले. कार्सन यांनीही निवड केली, काटछाट केली, लय घडविली. त्या अर्थाने त्यांची संहिता निर्विवादपणे लेखिकेची आहे. फरक आहे तो दिशेचा. त्यांची संहिता बोलणाऱ्याला आपल्या भाषेत ओढून घेत नाही. ती त्याच्या भाषेकडे जाते आणि शक्य तेथे त्यालाच रंगमंचावर उभे करते. मौखिक सामग्रीच्या वाङ्मयीन रूपांतराचे मूल्यमापन करताना संहितेच्या गुणवत्तेइतकाच या दिशेचाही विचार होणे आवश्यक आहे.