विमान घरात उतरवावं का?

वार्षिक परीक्षा संपल्या की घरोघरी मागण्यांची यादी निघते. कुणाला मोबाइल हवा असतो, कुणाला स्कूटी, कुणाला नुसतंच मामाच्या गावाला जायचं असतं. हल्ली या यादीत एक नवी वस्तू दिसायला लागली आहे आणि ती ऐकून बऱ्याच जणी गोंधळून जातात. ‘आई, मला कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर घेऊन दे ना!’ नाव घेतानाच जीभ अडखळते. हा गेम आहे, अभ्यास आहे की पैसे उडवायचं आणखी एक निमित्त? मुलं सांगतात, ‘खरे पायलटसुद्धा यावरच शिकतात!’ बाबा म्हणतात, ‘तुझ्या आईला विचार.’ म्हणजे निर्णय शेवटी आपल्याच पदरात पडतो. मग मैत्रिणींनो, जरा समजूनच घेऊ या.

सिम्युलेटर म्हणजे विमानाची नक्कल. जमिनीवर बसून उडण्याचा सराव करायचं यंत्र. याची गोष्ट मोठी मजेशीर आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. मुलाला विमानाचं वेड, पण उड्डाण शिकायची फी भारी. मग त्याने कारखान्याच्या तळघरात बसून ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून एक छोटं खोटं विमान तयार केलं. दांडी हलवली की ते वर-खाली, डावी-उजवीकडे झुकायचं. हे साल १९२९. सुरुवातीला कुणी त्याला गांभीर्याने घेतलं नाही, जत्रेतल्या पाळण्यासारखं ते करमणुकीच्या बागांमध्ये विकलं गेलं.

१९३४ साली अमेरिकी सैन्याकडे टपाल विमानाने नेण्याचं काम आलं. धुकं, बर्फ, रात्र, आणि वैमानिकांना नुसत्या घड्याळांवर बघून विमान चालवायची सवय नाही. काही आठवड्यांत डझनभर तरुण अपघातात गेले. तेव्हा कुठे लिंकची आठवण झाली. तो भेटीला यायचा होता त्या दिवशी इतकं खराब हवामान होतं, की अधिकाऱ्यांना वाटलं हा काही आता येत नाही. आणि हा पठ्ठ्या फक्त उपकरणांकडे बघत विमान घेऊन हजर! सैन्याने लगेच सहा यंत्रं विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या डब्यात बसून शिकले. तेव्हा मुलं म्हणतात त्यात तथ्य आहे. हा प्रकार निव्वळ खेळ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही.

आता घरच्या कॉम्प्युटरवर काय मिळतं ते बघू. दोन नावं मुलांच्या तोंडी सारखी असतात. एक ‘डीसीएस वर्ल्ड’ आणि दुसरं ‘आयएल-टू’. डीसीएसमध्ये आजकालची जेट विमानं आहेत, आयएल-टूमध्ये मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातली. मोबाइलवरच्या विमानाच्या गेमशी यांची तुलना करू नका. आपल्या हवाई दलानेही २०१४ मध्ये एक मोबाइल गेम काढला होता, तो सोपा, बोटाने खेळायचा आणि फुकट. इथे तसं नाही. डीसीएसमध्ये एफ-१६ घेतलंत तर आधी ते सुरू करायला शिकावं लागतं. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, इंजिनाची गरमी किती, दिशा दाखवणारं यंत्र जुळून आलं की नाही. या सगळ्यासाठी शेकडो पानांची इंग्रजी पुस्तिका असते. (आमच्याकडे मिक्सरचं माहितीपत्रकसुद्धा कुणी उघडून बघत नाही!) ज्या मुलाला किंवा मुलीला ते पुस्तक वाचायची गोडी आहे तिला यात खरंच काही मिळेल. ज्याला नुसतं ढिशूम-ढिशूम करायचंय तो तिसऱ्या दिवशी कंटाळेल आणि तुमचे पैसे मात्र गेलेले असतील.

पैशाचं म्हणाल तर इथे गंमत आहे. डीसीएसचा मूळ गेम फुकट आहे. त्यासोबत दोन विमानं आणि उडायला प्रदेशही फुकट मिळतात. एक रशियन सुखोई-२५ टी हे हल्ला करणारं जेट, दुसरं महायुद्धाच्या काळातलं पंख्याचं टीएफ-५१, त्याला शस्त्रं नाहीत. पैसे पडतात ते पुढच्या प्रत्येक विमानाला. एकेक विमान साधारण पन्नास ते ऐंशी डॉलरचं, म्हणजे चार-सहा हजारांच्या पुढे. वर्षातून काही वेळा सेल लागतो, तेव्हा किंमत बरीच खाली येते. तेव्हा ‘नवीन आलंय, आत्ताच हवं’ हे पालुपद लागलं तर सरळ सेलची वाट बघायला सांगा. साड्यांच्या बाबतीत आपण दुसरं काय करतो?

आणि ‘नवीन’ या शब्दापाशी जरा थांबाच. या धंद्यात विमान पूर्ण तयार व्हायच्या आधीच विकायची पद्धत आहे. याला ‘अर्ली अॅक्सेस’ म्हणतात. म्हणजे पदर विणून झालाय, काठ पुढच्या वर्षी, आणि ब्लाउजपीस कधी ते विचारू नका. पण पैसे आजच द्या! काही विमानांचं काम वर्षानुवर्षं चालू राहतं. २०२५ च्या जानेवारीत डीसीएसवाल्यांनी एफ-३५ हे अमेरिकेचं अगदी अद्ययावत विमान आणणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा जाणत्या खेळाडूंनीच विचारलं की ज्या विमानाची निम्मी माहिती गुप्त आहे त्याची हुबेहूब नक्कल होणार कशी? माझं मत विचाराल तर पहिली खरेदी कधीही नव्या विमानाची करू नये. जुनं, पूर्ण झालेलं, ज्याच्यावर शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत असं घ्यावं.

जुन्यावरून आठवलं, डीसीएसमध्ये २०१४ पासून मिग-२१ आहे. हे नाव आपल्याला परकं नाही. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ साली उभा राहिला तोच मुळी हे विमान बनवण्यासाठी. अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या तिघी २०१६ मध्ये आपल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या, आणि त्यातल्या अवनीने २०१८ मध्ये एकटीने पहिलं उड्डाण केलं तेही मिग-२१ मधूनच. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला या विमानाला निरोप दिला गेला. त्याचा जमिनीवर उतरण्याचा वेगच ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. घरच्या खुर्चीत बसून त्याला उतरवू पाहणाऱ्या मुलाचं विमान पहिल्या वीस वेळा तरी आपटतं. मग तो हसतो, बटण दाबतो आणि पुन्हा सुरू करतो.

इथेच मला थोडं थांबावंसं वाटतं. मुंबईच्या कविता गाडगीळ आठवतात. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित २००१ मध्ये राजस्थानात मिग-२१ च्या अपघातात गेला. दोष वैमानिकाचाच, असं ठरवणं त्यांना मान्य नव्हतं. विमानांची अवस्था आणि वैमानिकांचं प्रशिक्षण यावर त्या वर्षानुवर्षं बोलत राहिल्या, मुलाच्या नावाने संस्था काढली. त्या काळी आपल्याकडची मुलं साध्या, हळू विमानावरून एकदम या तुफान वेगाच्या विमानावर जायची. मधली पायरी असलेलं हॉक हे प्रशिक्षण विमान हवाई दलात आलं २००८ साली. म्हणून ‘सिम्युलेटर म्हणजे खऱ्यासारखंच’ असं मुलं म्हणतात तेव्हा त्यांना हेही सांगावं की पुन्हा सुरू करायचं बटण खऱ्यात नसतं.

आणखीही बरंच काही नसतं. खरं लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा शरीराचं वजन नऊ पटीपर्यंत वाढल्यासारखं होतं. साठ किलोची मुलगी पाचशे चाळीस किलोची! रक्त पायाकडे उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यासाठी पाय आणि पोट आवळून धरणारा खास पोशाख आणि श्वासाचं वेगळं तंत्र लागतं. रात्री किंवा ढगात कानातला तोल सांभाळणारा भाग खोटं सांगतो, विमान वळत असतं आणि आपल्याला ते सरळ वाटतं. खुर्चीत बसून यातलं काही कळत नाही. कळतं ते घड्याळं वाचणं, क्रम पाळणं, वेग-उंची-इंधन यांचा हिशेब एकाच वेळी डोक्यात ठेवणं. तेही कमी नाही, पण तेवढंच.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींपुढे हाच पेच पडला होता. लेक अकरावी सायन्सला, डोक्यात एनडीए पक्कं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली, आणि ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून पहिल्या सतरा मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. ते टीव्हीवर बघितल्यापासून पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं. दुकानदाराने सांगितलं, गेम चालायला साधा कॉम्प्युटर चालणार नाही, ग्राफिक्स कार्ड हवं, सोळा जीबी रॅम तरी हवी, बत्तीस असेल तर उत्तम. आकडा गेला ऐंशी हजारांवर. वहिनींची भिशी लागली होती पन्नास हजारांची, आणि ती त्यांनी पिको-फॉलच्या मशीनसाठी राखून ठेवली होती. ‘पोरीच्या स्वप्नापुढे माझं मशीन काय घेऊन बसलात,’ म्हणाल्या, पण आवाज काही खरा नव्हता.

मी त्यांना सरळ सांगितलं, मशीन घ्या. एनडीएत हवाई दलाकडे जायला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं. लेखी परीक्षेत गणिताला मोठं वजन असतं. वैमानिकाला उंची १६२.५ सेंटिमीटर हवी, डोळ्यांचे निकष कडक. पुढे मुलाखतीच्या टप्प्यावर वैमानिकाच्या योग्यतेची कॉम्प्युटरवरची चाचणी होते. हात, पाय आणि डोळे यांची सांगड तिथे बघतात, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. दांडी धरायची सवय असेल तर बुजायला होणार नाही, इतपत मदत सिम्युलेटरची होईलही. पण रात्री दोन-दोन तास स्क्रीनपुढे बसून चष्मा लागला तर? डोळ्यांचे डॉक्टर मुलांना उन्हात, मोकळ्यावर खेळायला सांगतात ते उगाच नाही.

शेवटी पोरीने दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाच्या लॅपटॉपवर फुकटचा डीसीएस लावून बघितला. दोन दिवस तिला विमान नीट उतरवताच आलं नाही, पण तिसऱ्या दिवशी ती वहीत वेग आणि उंचीचे आकडे लिहून काढताना दिसली. जॉयस्टिक तिने भाऊबीजेच्या आणि साठवलेल्या पैशांतून घेतली. कॉम्प्युटरचं बारावीनंतर बघू, असं ठरलंय. वहिनींचं मशीन मात्र सुरू झालं आणि लग्नसराईत त्याला उसंत नाही.

आता एक अवघड गोष्ट. हा लढाईचा खेळ आहे, मुलांच्या मनावर काय परिणाम होईल, असं बऱ्याच जणी विचारतात. बंदुकांच्या गेमसारखं रक्त यात दिसत नाही. बराचसा वेळ नुसतं उडण्यात, वाट शोधण्यात जातो. शत्रू म्हणजे काचेवरचा एक ठिपका. मला खरं तर त्या ठिपक्याचीच जास्त भीती वाटते, कारण त्यात माणूस बसलाय हे लक्षात राहत नाही. म्हणून आयएल-टू घेतलंच तर त्यातलं एक विमान मुलीला नक्की दाखवा, यू-टू. लाकूड आणि कापडाचं, दोन पंखी, संथ. मुळात शिकाऊंसाठीचं विमान. याच विमानातून सोव्हिएत रशियाच्या ५८८ व्या पलटणीतल्या मुली १९४२ पासून रात्री जर्मन फौजेवर बॉम्ब टाकायच्या. वैमानिकच नव्हे, मेकॅनिकसुद्धा मुलीच, बऱ्याचशा विशीच्या आसपास. लक्ष्याजवळ आल्या की इंजिन मंद करून तरंगत यायच्या. खालच्या जर्मनांना फक्त वाऱ्याची सळसळ ऐकू यायची आणि ते त्यांना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणायचे. युद्ध संपेपर्यंत त्यांनी तेवीस हजारांहून जास्त उड्डाणं केली. बराच काळ त्यांना पॅराशूटही दिलेली नव्हती. गेमच्या नावातलं आयएल-टू हे विमानही बाईने चालवलंय. अॅना येगोरोवा तिचं नाव. १९४४ मध्ये ती शत्रूच्या हद्दीत पडली, भाजली, कैदेत राहिली आणि जगली. हे यू-टू विमान आयएल-टूमध्ये वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं, मूळ संचात येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

घरात आधीच चांगला कॉम्प्युटर असेल आणि मूल मनापासून मागत असेल तर आधी फुकटचं उतरवून घ्या. शंभर जीबीहून जास्त जागा लागते. रोजच्या दीड जीबी मोबाइल डेटावर बसलात तर दोन-अडीच महिने जातील, तेव्हा वायफाय असेल तिथेच हे काम करा. महिनाभर गोडी टिकली तरच विमान विकत घ्यायचा विचार. कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून घेणार असाल तर बऱ्याच विमानांची चौदा दिवस फुकट चाचणी मिळते. ‘स्टीम’वरून घेतलं तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. कार्डाचा नंबर तिथे साठवून ठेवू नका आणि ओटीपी स्वतःच टाका. वीज येत-जात असेल तर यूपीएस आधी. की-बोर्डवर हे खेळणं म्हणजे काट्या-चमच्याने पुरणपोळी खाणं, तेव्हा जॉयस्टिकला पर्याय नाही. साधी तीन-चार हजारांपासून मिळते. पायडल नसली तरी मूठ गोल फिरणारी घ्या, म्हणजे पायाचं काम हातानेच होतं. आणि लेक डावखुरी असेल तर दुकानात जाऊन हातात धरून बघा, बऱ्याच जॉयस्टिकची मूठ उजव्या हातासाठीच घडवलेली असते.